फुलामागची टोपी

येरिलप
१० मार्च

ग्लेनिस,

पाकीट उघडलंस म्हणजे निम्मं काम झालं. अक्षर बघून तू ते न फोडताच केराच्या डब्यात टाकशील असं क्लिफचं भाकीत होतं. तो गणिताचा मास्तर होता, पण माणसांचा हिशेब त्याला कधी जमला नाही.

आधी मुद्द्याचं सांगते. मला माझी बहीण परत हवी आहे. पुढे मी तिरकं बोलेन, टोमणे मारीन, ते सगळं या एका वाक्याच्या पोटात घाल. सप्टेंबरपासून तू फोन उचलत नाहीस. आपला गट आहे त्या मोठ्या साइटवर मी आता नाही, म्हणून तिथेही तुला गाठता येत नाही. राहता राहिलं पोस्ट. पोस्टातल्या नव्या मुलीनं तिकीट पाकिटाच्या कुठल्या कोपऱ्यात लावतात ते मलाच विचारलं, म्हणजे बघ.

हो, मी तिथून गेले ती गेलेच. तुला वाटलं असेल, म्हातारी रुसलीय, आठवड्यात येईल मुकाट्यानं परत. आपण दोघींनी माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर तो रानऑर्किडांचा गट सुरू केला तेव्हा त्यात नऊ माणसं होती आणि त्यातल्या दोघी आपणच. आता चाळीस हजारांच्या वर गेलेत म्हणे. म्हणे, कारण मी तिकडे बघत नाही.

फुलाचा फोटो काढताना मागे टोपी धरायची. बाबांनी आपल्याला बुटांचे बंद बांधायला शिकवलं त्याच सुमाराला हेही शिकवलं. मागे टोपी असली की टेकडी दिसत नाही, कुंपण दिसत नाही, रस्ता दिसत नाही. दिसतं ते फक्त फूल, आणि ते कुठे आहे हे त्याला आणि तुलाच ठाऊक. बाबा गेल्यावर त्यांची टोपी तू मागितलीस, मी दिली. मनात नव्हतं, तरी दिली. आणि गेल्या सप्टेंबरात शेबाची राणी, ती ठिपक्यांची जांभळी ऑर्किड, सापडली त्या सकाळी तू तीच टोपी बाजूला ठेवलीस, कारण म्हणे सावलीत जांभळा रंग खुलत नव्हता! फोटोत मागे आली पेटिग्र्यूंच्या शेतावरची पाण्याची टाकी, आणि टाकीवर शाळेतल्या मुलांनी रंगवलेला तो मान वाकडी झालेला काळा हंस. अख्ख्या पश्चिम ऑस्ट्रेलियात तसली टाकी एकच असेल.

तो फोटो तू गटावर टाकलास आणि शनिवारी पेटिग्र्यूंच्या कुंपणाशी एवढ्या गाड्या लागल्या की फुटबॉलची फायनल इकडे हलवली की काय असं मला वाटलं. एक बाई व्यायामाची चटई पसरून तिच्यावर आडवी पडून फोटो काढत होती. चटईखाली काय चिरडतंय ते तिला कळलंही नाही. सोमवारी गेले तर जमीन सपाट, आणि राणीच्या जागी कुदळीनं खणलेला खड्डा. बाबा म्हणायचे, ही बाई फुलायला सात-आठ वर्षं घेते आणि मरायला तिला एक बूट पुरतो.

मी शुक्रवारीच तुला फोन केला होता. गटावरून फोटो काढून टाक म्हणाले. तू म्हणालीस, "अकरा हजार बदाम आलेत नोलीन, आता कसा काढू?" वर आणखी म्हणालीस, "लोकांनी बघितलंच नाही तर वाचवणार कोण? तुला फुलं कुलपात हवीत." तिथे मी फोन आपटला. त्यानंतर तू आजतागायत उचललेला नाहीस.

मी आता क्लिफच्या कट्ट्यावर असते. क्लिफनं कोंबड्यांच्या खुराड्याशेजारच्या शेडमध्ये एक जुनं यंत्र ठेवलंय, त्यावर इंटरनेटवरची आमची छोटीशी जागा चालते. जाहिराती नाहीत, बदाम नाहीत, अंगठे नाहीत. माणसं आहेत, आणि ती एकमेकांना नावानं हाक मारतात.

नोलीन


येरिलप
२८ एप्रिल

ग्लेनिस,

तुझं कार्ड आलं. पुढे पर्थच्या नदीचं चित्र, मागे दोन वाक्यं: 'उपदेश पुरे. तुमच्या त्या कट्ट्यावर आहेत तरी किती जण?'

पुष्कळ आहेत.

बरं, सव्वीस. त्यात क्लिफचा मुलगा धरलाय, तो एकदा नाव नोंदवून गेला तो पुन्हा फिरकला नाही. हसून घे. मी तीस वर्षं शाळेची बस चालवली. बसमध्ये सव्वीस पोरं असली की कोण उलटी करणार, कोण भांडणार, कोणाचा डबा विसरलाय, सगळं आरशात दिसतं. तू ते चाळीस हजारांचं स्टेडियम चालवतेस. तुझ्या आरशात काय दिसतं, सांग बरं?

आमच्याकडे आत यायला परीक्षा आहे. नव्या माणसानं रानातल्या एका फुलाचा फोटो टाकायचा. मग आम्ही सगळे डोळ्यांत तेल घालून त्या फोटोवर तुटून पडतो. आठवड्याभरात कुणी जागा ओळखली तर माणूस नापास. का नापास ते त्याला नीट सांगतो, पुढच्या मोसमात पुन्हा ये म्हणतो. कुणालाच ओळखता आली नाही तर दार उघडतं. बेव्ह ओकली आठवते ना, बेकरीवाली? तिला मागच्या मुरमावरून आणि पडलेल्या काटक्यांवरून फोटो कुठल्या भागातला ते कळतं. आणि बेव्हला नाही कळलं तर मला कळतं. क्लिफच्या मेव्हण्याला मीच पाडला. त्यानं टोपी नीट धरली होती, पण फुलावर बसलेल्या मुंगीच्या मागे रेल्वेच्या रुळाखालची खडी दिसत होती. क्लिफची बायको अजून माझ्याशी तुटक बोलते. बोलू दे. नियम तो नियम.

तक्रारीही सांगते, म्हणजे मी फुशारकी मारतेय असं म्हणायला नको. मागच्या महिन्यात उंदरांनी वायर कुरतडली आणि दोन दिवस कट्टा बंद होता. कुणाचं काही अडलं नाही. बेव्ह अधूनमधून तिच्या पायाच्या कुरूपाबद्दल लांबलचक लिहिते, आम्ही तेही वाचतो. वाचणारच, तिनं मागच्याच आठवड्यात माझ्या गुडघ्याबद्दल वाचलंय.

तुझी टाचदुखी कशी आहे? कुणी सांगितलं विचारू नकोस.

नोलीन


येरिलप
७ जुलै

ग्लेनिस,

मी आणि बेव्ह काल ऑर्किडांवर जाळ्या बसवून आलो. थंडीनं बोटं वाकत नव्हती. कांगारूंनी या वर्षी उच्छाद मांडलाय, वर आलेलं पान दुसऱ्या दिवशी खुडलेलं. बेव्ह म्हणाली, "तुझी बहीण असती तर वायर तिनं वळवली असती. तुझे हे वेटोळे बघून कांगारू हसतील." मी म्हटलं, माझी बहीण आता मोठ्या लोकांत असते. बेव्ह म्हणाली, "तू रोज तिचं नाव काढतेस, नोलीन. कुणाला फसवतेस?"

ही बेव्ह फार बोलते.

पेटिग्र्यूंच्या कुंपणापाशीही गेले. काही आलेलं नाही. खणून नेलं ते नेलंच, मागे बारीकसा कंदसुद्धा राहिला नसावा. तरी खड्ड्यावर जाळी लावून आले. रिकाम्या जमिनीला जाळी लावताना पेटिग्र्यूंच्या सुनेनं बघितलं. "काही आहे का तिथं?" म्हणाली. "नाही," म्हटलं. तिनं मला थर्मासमधला चहा दिला आणि आणखी काही विचारलं नाही. गाडीत बसल्यावर मला रडू आलं. एका फुलासाठी नाही आलं. बाबा, तू आणि मी तिथे एकदा पोटावर पालथे पडून सबंध सकाळ काढली होती, त्यासाठी आलं.

तुझ्या एका म्हणण्यावर मी विचार केलाय. लोकांनी बघितलंच नाही तर वाचवणार कोण. यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. बेव्हला तिची पहिली ऑर्किड तूच दाखवलीस, आपल्या गटावर, तो लहान होता तेव्हा. दाखवण्यावर माझा राग नाही. पण बेव्हला तू हाताला धरून दाखवलंस. चाळीस हजारांना हाताला कसं धरणार? माझं म्हणणं एवढंच आहे आणि मी त्यावरून हलणार नाही.

ती नवी निळी विजार तुला शोभत नाही. म्हणजे, कुणीतरी मला तसं सांगितलं.

नोलीन


येरिलप
१८ ऑगस्ट

ग्लेनिस,

ठीक आहे, सांगून टाकते. दर मंगळवारी मी लायब्ररीतल्या संगणकावर बसून तुझा गट बघते. आत नसले तरी बाहेरून दिसतो. लायब्ररीतल्या बाईला वाटतं मी कोड्यांची उत्तरं शोधते. टाचदुखी, विजार, सगळं तिथूनच. आता हस.

हसलीस? बरं. आता ऐक.

या मंगळवारी मी तुझं ते वाचलं. 'मोसम सुरू होतोय, फुलामागे टोपी धरा, जागा सांगू नका, गेल्या वर्षी माझ्या चुकीनं एक राणी गेली.' मी तीनदा वाचलं. त्यातलं 'माझ्या चुकीनं' परत परत वाचलं. मला तू हे कधी म्हणाली नाहीस, चाळीस हजार अनोळखी लोकांना म्हणालीस. ग्लेनिस, तू लहानपणीही आईला सोडून शेजारणीलाच खरं सांगायचीस.

आणि मग त्याखालचं वाचलं. 'टोपीवाली आजी.' 'रानात पोलीस ठेवा आता.' 'फूल काय तुझ्या बापाचं आहे?'

हो रे बाबांनो, बापाचंच होतं. मी एवढं मोठ्यानं म्हणाले की वर्तमानपत्र वाचणारे दोघे माना वर करून बघायला लागले. उत्तर देण्यासाठी तिथल्या तिथे नाव नोंदवणार होते. अर्ध्यावर थांबले. एकाला उत्तर दिलं की खाली पन्नास उगवतात, हे मला माहीत आहे आणि तुला तर माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तिथे मला तुझ्या शेजारी उभं राहता येत नव्हतं. उभी राहिले असते तरी गर्दीत तुला दिसले नसते. चष्मा तिथेच विसरून घरी आले.

तू ते काढून टाकलंस. दुसऱ्या दिवशी चष्मा आणायला गेले तेव्हा बघितलं तर काहीच नव्हतं, फक्त कुणीतरी टाकलेला सूर्यास्त.

तू कट्ट्यावर ये. मी हे विनवणी म्हणून लिहीत नाही, मला विनवण्या येत नाहीत. तिथे तुझी गरज आहे म्हणून लिहितेय. आमच्यात फोटो बरा काढणारं कुणी नाही, सगळे धूसर. पण एक सांगून ठेवते. बहीण म्हणून मला तुला आत ओढून घेता येणार नाही. क्लिफच्या मेव्हण्याला एक न्याय आणि माझ्या बहिणीला दुसरा, असं झालं तर क्लिफची बायको मला गावात तोंड दाखवू देणार नाही. आणि खरं सांगायचं तर पेटिग्र्यूंच्या टाकीची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. तुझ्या फोटोवर सगळे दुप्पट ताकदीनं तुटून पडतील. त्यात तू पडलीस तर मग मात्र कायमची दुरावशील, हेही मला कळतं.

तरी ये.

नोलीन


येरिलप
११ सप्टेंबर

ग्लेनिस,

काल दुपारी कट्ट्यावर नवा फोटो आला. पाठवणाऱ्याचं नाव 'पाहुणी', गाव लिहिलेलं नाही.

शेबाची राणी. एकच दांडा, त्यावर दोन फुलं, एक उघडलेलं आणि एक उद्या उघडेल असं. कडेला पिवळी, मधे जांभळी, अंगभर ठिपके. मागे सगळी तपकिरी टोपी. एका कोपऱ्यातही आभाळ नाही.

टोपीच्या पट्ट्याजवळ शेकोटीतल्या ठिणगीनं पडलेलं भोक आहे. ते मी वयाच्या दहाव्या वर्षापासून बघतेय. बाबा त्या रात्री किती ओरडले होते!

सगळे कामाला लागले. बेव्हनं लिहिलं, "जांभ्याचा मुरूम, वर सुरूच्या काटक्या. दक्षिणेकडे कुठेतरी. पण त्या भिकार टोपीनं सगळं झाकलंय." मी तिला लगेच सुनावलं की टोपीला भिकार म्हणायचं काम नाही. क्लिफनं फोटो मोठा करकरून बघितला, शेवटी त्याच्या यंत्रानं मान टाकली. कुणीतरी म्हणालं पेटिग्र्यूंची जागा असेल. बेव्हनंच ते खोडून काढलं, तिथे सुरूची झाडं नाहीत.

मी काही बोलले नाही. फोटोच्या अगदी खालच्या कडेला मुरमात नखाएवढा काचेचा तुकडा आहे. निळसर हिरवा, बाटलीच्या बुडाचा. बाकीच्यांना तो दगड वाटला.

तू सहा वर्षांची होतीस. जिंजर बिअरची बाटली तुला एकटीला हवी होती, मी ओढली, तू सोडली नाहीस, मग दोघींनी सोडली. बाबांनी गुडघ्यांवर बसून काचा वेचल्या. एक तुकडा जमिनीत घट्ट रुतला होता, तो निघेना. बाबा म्हणाले, राहू दे, खूण राहील. कसली खूण ते त्यांनी सांगितलं नाही.

ती जागा मी या कागदावरही लिहीत नाही. तिथे कधी राणी नव्हती. आपल्या वेळी तरी नव्हती.

म्हणजे मी ती काच ओळखणार हे तुला ठाऊक होतं. तू टोपी एवढी पक्की धरलीस की बेव्हसुद्धा हरली, आणि काचेचा तुकडा तेवढा मुद्दाम आत ठेवलास. जगात एकच बाई तो ओळखू शकते, आणि ती कट्ट्यावरची सगळ्यात खडूस परीक्षक आहे. मुदत मंगळवारी संपते. एक शब्द लिहिला की तू बाहेर.

क्लिफच्या मेव्हण्याची शपथ, असं कोंडीत मला आजवर कुणी पकडलं नव्हतं.

नोलीन


येरिलप
१८ सप्टेंबर

ग्लेनिस,

सोमवारी बेव्हचा फोन आला.

"नोलीन, बरी आहेस ना? आठवडा संपत आला, तुझं एक अक्षर नाही."

"फूल बघतेय."

"फूल सगळेच बघतायत. जागा कुठली ते बोल."

"बेव्ह, तुला नाही सुचलं तर मला काय सुचणार?"

तिला एवढा आनंद झाला की संध्याकाळी ती बेकरीतून लॅमिंग्टन केक घेऊन आली. मी दोन खाल्ले. खोटं बोलल्यावर कुणी लॅमिंग्टन आणून देतं, असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं.

पण मी खोटं बोलले असं मला वाटत नाही, हे तुला नीट सांगायचंय. आम्ही ही परीक्षा कशासाठी ठेवली? माणूस जागा लपवू शकतो का, ते बघायला. तुला ते येतं हे सगळ्यांनी बघितलं. आणि जागा कळूनही जो ती बोलत नाही, तो आमचा माणूस. ओळखून गप्प बसणं, एवढ्याच पायावर हा सबंध कट्टा उभा आहे. मी क्लिफच्या यंत्राजवळ बसून त्याच्या मेव्हण्याला पाडला तशी तुला पाडली असती, तर कट्ट्याचा नियम राहिला असता आणि कट्टा मात्र गेला असता. मला हे पटलंय. क्लिफच्या बायकोला पटणार नाही, म्हणून तिला सांगणार नाही.

काल मुदत संपली आणि क्लिफनं 'पाहुणी'ला दार उघडलं. बेव्हनं पहिलं वाक्य लिहिलं: 'या, आणि कृपा करून आम्हाला फोटो काढायला शिकवा.' तुझं उत्तर अजून आलेलं नाही. तू बघत असशील. बघ, सव्वीस जण आहेत, क्लिफचा मुलगा धरून. आता सत्तावीस.

आज सकाळी मी तिथे गेले. एकटी, गाडी लांब लावून, वाट वाकडी करून. सोबत जाळी घेतली होती. तर तिथे जाळी आधीच बसवलेली. वायरीचं टोक बाबा वळवायचे तसं आत मुडपलेलं, म्हणजे कांगारूच्या नाकाला लागू नये. मला तसं कधी जमलं नाही. दुसरं फूलही उघडलंय. मी पोटावर पालथी पडले, या वयात उठायला किती वेळ लागला ते विचारू नकोस. फोटो काढला नाही. बोटानं मुरूम बाजूला सारून काच बघितली आणि परत झाकून ठेवली.

माझी जाळी तशीच परत आणली.

तिथून माझं घर एवढं जवळ आहे की वाटेत बस एकदाही थांबवावी लागणार नाही. पर्थहून तू तीन तास गाडी चालवत आलीस, जाळी लावलीस, फोटो काढलास, आणि चहालाही न येता परत गेलीस. त्याचा राग मी ठेवून दिलाय, समोरासमोर काढीन.

आता ती जागा जगात फक्त दोन बायकांना माहीत आहे. त्यातली एक फोन उचलत नाही. हे पत्र शुक्रवारपर्यंत पोचेल. शनिवारी मी भोपळ्याचे स्कोन ओव्हनमध्ये टाकीन आणि तुला फोन करीन.

उचल.

नोलीन